श्रीमंतरावांची मान किती वेळा वळली

नागापूरच्या एमआयडीसीतल्या त्या पंपाच्या कारखान्यात कुणाला काय हवं आहे, हे श्रीमंत भिंगारदिव्यांना त्या माणसाच्या आधी कळायचं. बावीस वर्षं खरेदी खात्यात काढलेला माणूस. मेंटेनन्सचा गोरक्षनाथ दारात उभा राहून "साहेब, बसू का जरा?" म्हणाला, की श्रीमंतराव मनात म्हणत, याला यंत्रांत वंगण भरायची ग्रीस गन पाहिजे, आणि तीही परवा मनमाड रोडच्या दुकानात हातात धरून पाहिली तीच पाहिजे. बाहेरगावचा विक्रेता आला आणि त्याने चहाला नको म्हटलं, की समजायचं, भाव उतरायला अजून जागा आहे. हो म्हणून बशीत ओतून सावकाश पीत बसला, की समजायचं, हा आता हलत नाही.

माणसं अशी वाचता येत असली तरी श्रीमंतराव चालत मात्र एकाच नियमाने. तीन कोटेशनं मागवायची, त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचा, आणि सगळ्यात कमी भावाभोवती लाल पेनाने गोल काढायचा. त्या गोलातल्याला कारखाना 'एल-वन' म्हणे. एल-वन सोडून दुसरं कुणाला हवं असेल, तर तक्त्याखाली चार ओळींची जागा छापलेली होती: 'कमी दराचे न घेण्याचे कारण'. त्या चार ओळींत लोक काळीज ओतत. श्रीमंतराव ते शेवटपर्यंत वाचत, चष्मा पुसत, आणि खाली लिहीत: 'कारण अपुरे.'

पर्सोनेलच्या जयमाला मॅडमनी दोन वर्षांपूर्वी आपल्या खोलीसाठी आकाशी पडदे मागितले होते. कारण लिहिलं होतं, 'डोळ्यांना बरे वाटते.' कारण अपुरे. खोलीला तपकिरी पडदे लागले. तेव्हापासून श्रीमंतराव त्या खोलीत गेले की मॅडम त्यांच्याशी बोलताना खिडकीकडे बघायच्या. बोलणं गोडच असायचं, नजर तेवढी पडद्यावर.

अशात सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत पुण्याच्या हेड ऑफिसातून एक परिपत्रक आलं. वरच्या ग्रेडच्या अधिकाऱ्यांना कंपनी मोटार देणार. यादीत गाड्या तीन: मारुती आठशे, अॅम्बॅसेडर आणि झेन. तिन्ही मर्यादेत बसणाऱ्या. अधिकाऱ्याने एक निवडायची, रंग लिहायचा, सही करायची. गाडी कंपनीची, वापर त्याचा. पाच वर्षांनी हवी तर उतरत्या किमतीत त्यालाच मिळेल. पण एकदा निवडलं की पाच वर्षं बदल नाही. फॉर्म पंधरा मार्चच्या दुपारी बारापर्यंत जयमाला मॅडमकडे. मग यादी फॅक्सने पुण्याला.

दिवाळीत बढती मिळाल्यामुळे श्रीमंतरावही या ग्रेडमध्ये आले होते. त्यांच्याबरोबरच्या दोघांनी चहा गार व्हायच्या आत फॉर्म भरून टाकले. श्रीमंतरावांनी मात्र फॉर्म घरी नेला, कारण त्यात एक रकाना होता: 'आपल्या आवडीची मोटार'. यादी त्यांना पाठ झाली होती, मर्यादाही समजली होती. गाडं अडलं ते 'आवडीची' या शब्दापाशी.

त्यांनी मनातल्या मनात जुना हिशेब काढून पाहिला. हातातलं घड्याळ वीस वर्षांच्या नोकरीबद्दल कंपनीने दिलेलं. स्कूटर मेहुण्याची, त्याची बदली झाली म्हणून आलेली. सावेडीतला प्लॉट सोसायटीच्या चिठ्ठीत निघालेला. घराला रंग दिला तो दुकानात शिल्लक डबे होते म्हणून पिस्ता. दुसऱ्याची आवड दहा हातांवरून ओळखणारा हा माणूस, आणि स्वतःच्या आवडीच्या खात्यात बावीस वर्षांत एक नोंद नाही. दुःख वगैरे काही झालं नाही त्यांना. नवल वाटलं. स्टोअरमध्ये एखादं कपाट वर्षानुवर्षं बंद असावं आणि कुणी विचारावं, यात काय आहे हो, तसं.

संध्याकाळी जेवताना त्यांनी बायकोला विचारलं, "मनकर्णा, आपल्याला एखादी वस्तू आवडली हे माणसाला कळतं कसं?"

मनकर्णाबाई घोडेगावच्या. लग्नाला एकवीस वर्षं झाली आणि सावेडीत राहून निम्मी बोली बदलली, पण नवऱ्याला टोचायचं असलं की माहेरची बोली आपोआप बाहेर येई. "अगं बया! आता इचारता व्हय? माझ्या येळंला किती कोटेशनं हुती?"

"एकच," श्रीमंतराव म्हणाले. "तेही दादाने आणलेलं."

"मग तुमच्या नियमात बसलं कसं?"

आरतीला हसू आवरेना. ही त्यांची मुलगी, अकरावीला. "पप्पा, आई एल-वन आहे की नाही ते सांगा आधी."

"गप गं," मनकर्णाबाई म्हणाल्या, पण त्यांनाही हसू फुटलं होतं. भाकरीचा चतकोर ताटात वाढत त्या जरा सरळ बोलल्या. "आमचा बाप घोडेगावच्या बाजारात शेळी घ्यायला जायचा ना, तवा आधी भाव इचारायचाच न्हाई. गुमान दोन चकरा मारायचा बाजाराला. तिसऱ्या चकरेला ज्या शेळीपाशी पाय थांबला, ती त्याची. मग दात बघ, कास बघ, घासाघीस कर, ते सगळं नंतर. म्हणायचा, माझ्या आधी माझ्या पायाला कळतंय."

श्रीमंतरावांनी घास तसाच हातात धरला. पायाला कळतं. म्हणजे मोजता येतं! आणि मोजता येतं म्हटल्यावर श्रीमंतरावांची कळी खुलली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आरतीला कामाला लावलं. कॉलेज सुटलं की ती तशीही त्यांच्या स्कूटरवर मागे बसून घरी यायची. "तू एकच करायचं," त्यांनी सांगितलं. "रस्त्यात गाडी बघून माझी मान वळली की वहीत रेघ मारायची. कुठली गाडी तेही लिहायचं. मला काही सांगायचं नाही. मला कळलं तर मी मान आवरीन."

"आणि मला काय मिळणार?"

"अनुभव."

चार संध्याकाळी मोजणी झाली. पाचव्या दिवशी आरतीने केमिस्ट्रीच्या वहीचं शेवटचं पान उघडून जेवणाच्या टेबलावर ठेवलं. मनकर्णाबाई हात पुसत येऊन उभ्या राहिल्या.

"मारुती आठशे," आरतीने वाचलं. "रस्त्यात दिसल्या शंभरेक. मान वळली शून्य वेळा. अॅम्बॅसेडर, दोन वेळा. त्यातल्या एकीत तुमचे ओळखीचे गृहस्थ होते, तुम्ही जयभीम घातला. ती धरायची की नाही तुम्ही ठरवा."

"नको धरू."

"मग एक. आणि झेन, नऊ वेळा."

श्रीमंतराव चमकले. "नऊ? सावेडीत नऊ झेन कुठं आहेत?"

"नऊ नाहीतच. एकच आहे. दाताच्या डॉक्टरांची, गर्द हिरवी, दवाखान्यासमोर उभी असते ती. परवा आपण त्या गल्लीतून तीनदा गेलो. तुम्ही म्हणालात दूध घ्यायचंय."

"मग?"

"दूध घेतलं नाही पप्पा."

मनकर्णाबाईंनी पदर तोंडाला लावला. श्रीमंतराव वहीतल्या त्या नऊ रेघांकडे पाहत राहिले. बंद कपाटाचं दार किलकिलं झालं होतं आणि आत चक्क एक हिरवी मोटार उभी होती.

रविवारी ते एकटेच शोरूममध्ये गेले. तिथला सचिन नावाचा विक्रेता पोरसवदा, पण तयारीचा. त्याने दार उघडून दिलं. श्रीमंतराव आत बसले. दार लावलं. उघडलं. पुन्हा लावलं. स्टिअरिंगवर हात ठेवला, तो नुसता ठेवला, कारण गाडी त्यांना चालवता येत नव्हती. क्लास लावायचा होता. सचिन प्रश्नांची वाट पाहत उभा. श्रीमंतराव काही विचारीनात. डिलिव्हरी कधी, वॉरंटी किती, सूट काय, काही नाही. बावीस वर्षांत विक्रेत्यासमोर ते पहिल्यांदाच गप्प बसले होते.

"साहेब, चहा?" सचिनने विचारलं.

"हो," म्हणाले, आणि बशीत ओतून सावकाश प्यायले. अर्धी बशी झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपण काय करतो आहोत. आता हा हलणार नाही! बशी खाली ठेवून ते घाईघाईने निघाले.

आता कुणीही म्हणेल, मग भरायचा ना फॉर्म. पण माणूस खरेदी खात्याचा. आवड कळली तरी ती कागदावर उभी राहते का, हे पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडेना. चौदा मार्चला सकाळी ऑफिसात आल्या आल्या त्यांनी तुलनात्मक तक्त्याचा एक छापील कागद ओढला. खरं तर या योजनेला तक्ता लागतच नव्हता. पण दुसऱ्या कागदावर त्यांचा विचारच चालत नसे. विषय: 'अधिकाऱ्यासाठी मोटार'. रकाने पाडले. किंमत, पेट्रोलची सरासरी, सुटे भाग, देखभाल, बसायला जागा. प्रामाणिकपणे भरले, स्वतःशी लबाडी त्यांना जमत नव्हती. झेन एकाही रकान्यात अशी पुढे येईना, की तिच्यासाठी जास्तीचे पैसे मोजावेत. 'मान वळणे' असा रकाना त्यांनी शेवटी पेन्सिलीने घातला, नऊ लिहिलं, आणि लाज वाटून खोडरबराने पुसला.

इतक्यात पुण्याहून फोन आला, कास्टिंगचा ट्रक सुप्याजवळ अडकला होता. एका कानाला फोन, आणि हात आपला आपण चालू. बावीस वर्षांचा सराव झालेला हात. त्याने तक्त्यातल्या सगळ्यात कमी आकड्याभोवती लाल गोल काढला, कोपऱ्यात सही केली, आणि कागद निळ्या ट्रेमध्ये टाकला, बेअरिंगच्या आणि कॉटन वेस्टच्या तक्त्यांवर. अकरा वाजता ट्रे नेहमीसारखा जनरल मॅनेजर कुलथे साहेबांकडे गेला. कुलथे साहेब रोज तीसेक तक्त्यांवर सह्या करत. विषय कधी वाचत नसत. लाल गोल दिसला की 'मंजूर'. मग कागद ज्याच्या त्याच्या खात्याला जात, आणि मोटारीचा गेला पर्सोनेलला.

चार वाजता श्रीमंतरावांचा फोन वाजला. पलीकडे जयमाला मॅडम.

"अभिनंदन, भिंगारदिवे साहेब."

"कशाचं?"

"तुमची मोटार मंजूर झाली. मारुती आठशे. रंग तुम्ही लिहिला नाहीत, म्हणून मी पांढरा धरलाय, सगळ्यात लवकर मिळतो म्हणे. साहेबांची सही आहे, तुमचीही आहे. उद्या बाराला फॅक्स जाईल."

श्रीमंतरावांनी ट्रेकडे पाहिलं. ट्रे रिकामा होता. "मॅडम, तो कागद चुकून गेलाय. मी नुसता विचार करत होतो."

"तक्त्यावर?"

"मला... दुसरी गाडी हवी होती."

 पलीकडे तपकिरी पडद्याकडे पाहिलं जात असणार. मग मॅडम अतिशय गोड आवाजात म्हणाल्या, "काहीच अडचण नाही. मंजूर तक्ता बदलायचा तर एल-वन का नको त्याचं कारण लिहा, खरेदी अधिकाऱ्याचा शेरा घ्या, आणि जी.एम. साहेबांची सही. नियम तुम्हीच बसवलाय. उद्या बाराच्या आत आणून द्या."

त्या रात्री घरी त्यांनी सगळं सांगितलं. आरतीने सुचवलं, "लिहा की, माझ्या उंचीला बरी पडते."

"मोजून पाहिलंय. तसं काही नाही."

"मग मजबूत आहे म्हणा," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"तेही खोटं पडेल. इतकी वर्षं लोकांची असली कारणं मीच परत पाठवलीत. मला सगळी पाठ आहेत."

मनकर्णाबाई त्यांच्या समोर बसल्या. "मग खरं लिवा. न्हाईतर पाच वर्सं पांढऱ्या गाडीत बसून हिरव्या गाडीकडं मान वळवीत फिराल. अन् मी शेजारी बसून मोजायचं व्हय ते?"

पंधरा तारखेला सकाळी साडेअकराला श्रीमंतराव कुलथे साहेबांच्या केबिनमध्ये उभे होते. हातात तोच तक्ता. चार ओळींच्या जागेत त्यांनी एकच शब्द लिहिला होता. बाकी साडेतीन ओळी कोऱ्या.

कुलथे साहेबांनी वाचलं. चष्मा काढला, पुन्हा घातला. "'आवडली,'" ते मोठ्याने म्हणाले. "एवढंच?"

"एवढंच आहे साहेब. दुसरं शोधलं, सापडलं नाही."

"किंमत मर्यादेत आहे?"

"आहे."

"मग अडलं कुठं?"

"कारणात."

कुलथे साहेब खुर्चीत मागे रेलले. खिडकीतून खाली बोट दाखवलं. तिथे त्यांची कंपनीची गाडी उभी होती, फिक्या बिस्किटी रंगाची. "ती कुणी घेतली आठवतंय?"

"मीच साहेब. एक्क्याण्णव साली. तीन डीलरांकडून भाव घेतले होते. बिस्किटी रंग एकाकडे तयार होता, तो एल-वन आला."

"मी निळा मागितला होता."

"हो साहेब."

"मी कारणही लिहिलं होतं. 'पत्नीची इच्छा.' तुम्ही काय शेरा मारलात?"

श्रीमंतरावांनी चष्मा काढून पुसला. शेरा दोघांनाही पाठ होता.

"सहा वर्षं मी तुमच्या एल-वनमधून फिरतोय, भिंगारदिवे. घरात अजून एखादा शब्द ऐकावा लागतो." साहेबांनी तक्ता त्यांच्याकडे सरकवला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्या सामन्याचा शेवटचा चेंडू बघायला माणूस पुढे सरकतो, तसे ते पुढे सरकले होते. "मी सही करतो. आत्ता करतो. पण माझ्या आधी खरेदी अधिकाऱ्याचा शेरा लागतो. कारण पुरेसं की अपुरं? तुम्ही लिहा, मग मी."

श्रीमंतरावांनी पेन काढलं. इथे घाम फुटावा असं काय होतं? दोन शब्द लिहायचे होते. 'अपुरे' लिहिलं तर पाच वर्षं पांढरी आठशे, आणि नियम शाबूत. 'पुरेसे' लिहिलं तर हिरवी झेन. पण मग हा शब्द एकट्या त्यांच्यापुरता राहणार नव्हता. स्वतःला एक माप आणि दुसऱ्याला दुसरं, हे त्यांच्या हातून व्हायचं नव्हतं. ग्रीस गन, आकाशी पडदे, निळी मोटार, सगळी रांग त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली. आणि गंमत म्हणजे, त्या रांगेतल्या माणसांबद्दल त्यांना आज पहिल्यांदा उत्सुकता वाटली. आकाशीच का बरं? त्या रंगात मॅडमना काय दिसलं असेल? हे आपण कधी विचारलंच नाही. कारण मागितलं, विचारलं नाही.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

त्यांनी सावकाश, छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं: 'कारण पुरेसे.' खाली सही. तारीख. मग आपलं आपल्यालाच पटावं म्हणून शब्दाखाली एक रेघ.

कुलथे साहेबांनी सही ठोकली. "रंग?"

"गर्द हिरवा, साहेब."

"तयार नसेल तर?"

"थांबीन."

साहेब हसले. "मग खरोखरच आवडली म्हणायची."

बाराला दहा कमी असताना तक्ता जयमाला मॅडमच्या टेबलावर पोचला. त्यांनी तो वाचला. मग दुसऱ्यांदा, नुसता शेरा वाचला. फॅक्सच्या यादीत त्यांनी पांढरी आठशे खोडून झेन लिहिलं, श्रीमंतरावांसमोर कागद मशीनला लावला, आणि तो पलीकडे गेल्याचा आवाज येईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. श्रीमंतराव दाराकडे वळले.

"या तक्त्याची एक झेरॉक्स मी काढून घेतली तर चालेल ना?" मागून मॅडमनी विचारलं.

"कशाला?"

"असू दे. फायलीला."

ती फायलीला नव्हती, हे श्रीमंतरावांना जेवणाच्या सुट्टीनंतर कळलं. ते परत आले तेव्हा खरेदी खात्याच्या दारात गोरक्षनाथ उभा होता, हातात मळकी, घडी पडलेली जुनी मागणी-चिठ्ठी. त्याच्या मागे स्टोअरचे दोघे, त्यांच्या मागे कँटीनच्या भागूबाई, आणि सगळ्यांच्या पुढे, हातातला कागद छातीशी धरून, जयमाला मॅडम. आज पहिल्यांदा त्या श्रीमंतरावांकडे सरळ बघत होत्या.

"साहेब, तीच ग्रीस गन," गोरक्षनाथ मागूनच म्हणाला. "कारन लिवलंय. आवडली."

"मलाबी मोठा तवा आवडल्याला हाय," भागूबाई म्हणाल्या. "चार वर्सं झाली."

मॅडमनी आपला कागद टेबलावर ठेवला. दोन वर्षांपूर्वीचा तोच. 'डोळ्यांना बरे वाटते' वर काट मारून शेजारी निळ्या शाईत नवं कारण घातलेलं होतं.

श्रीमंतराव खुर्चीत बसले. चष्मा पुसला. सगळ्यांचे चेहरे एकेक करून पाहिले आणि नेहमीप्रमाणे त्यांना बरंच काही कळलं. गोरक्षनाथाची मागणी अस्सल होती. स्टोअरच्या दोघांपैकी एक नुसता गर्दी बघून आला होता. त्यांनी ड्रॉवर उघडून एक कोरा तक्ता काढला, पट्टीने त्यात एक नवा रकाना आखला, आणि लाल पेनाचं टोपण काढलं.

"बसा मॅडम," ते म्हणाले. "आकाशी पडदा बघून तुमची मान आजवर किती वेळा वळली? आणि कुठे कुठे? अंदाजे नको. मोजून सांगा."